बापाचा गुरुवार, मुलांचा रविवार

सरत्या वर्षाचा हिशेब मांडायची वेळ आली की पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या आईवडिलांच्या तोंडी एकच वाक्य असतं: वर्ष कसं गेलं, कळलंच नाही. त्याच्या पाठोपाठ अपराधी सुरात यादी येते. पोराच्या गॅदरिंगला जाता आलं नाही, पालक सभेला आईच गेली, दिवाळीत चार दिवस गावी जायचं ठरलं होतं ते दोनावर आलं. मग सल्ला द्यायला माणसं तयारच असतात. वेळेचं नियोजन करा, मोबाइल बाजूला ठेवा, रोज अर्धा तास मुलांना द्या, तास मोजू नका, त्यांचा दर्जा पाहा. या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: वेळ आईबापांच्या हातात आहे आणि तो त्यांना वापरता येत नाही. माझं म्हणणं याच्या उलट आहे. या औद्योगिक पट्ट्यातल्या कुटुंबांकडे वेळ कमी आहे हे खरं, पण दुखणं तेवढंच नाही. घरातल्या माणसांचे वेळ एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ते न जुळण्यामागे घरातल्या कुणाचा आळस नसून बाहेर घेतलेले, बऱ्याचदा सरकारी पातळीवरचे निर्णय आहेत.

पहिलं उदाहरण साप्ताहिक सुट्टीचं. पुणे परिसरातल्या बहुसंख्य कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. विजेचा तुटवडा होता तेव्हा सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम सुरू, हे परवडणारं नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या औद्योगिक भागांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले आणि आपल्या वाट्याला गुरुवार आला. भारनियमनाचा तो काळ मागे पडला, वार मात्र राहिला. वीज वाहिन्यांच्या दुरुस्तीची कामंही त्याच दिवशी काढायची सवय झाली, त्यामुळे भोसरीत किंवा चाकणला गुरुवारी लाइट गेली तर कुणाला नवल वाटत नाही. मोठ्या कंपन्यांपैकी काहींचा रविवार आहे, काही ठिकाणी खात्यानुसार वार बदलतो, आणि पुरवठादार लघुउद्योगांना तर ज्यांना माल द्यायचा त्यांच्या लाइनप्रमाणे सुट्टी मागेपुढे करावी लागते. मुलांचा रविवार तेवढा पक्का. या पट्ट्यातल्या घरांत भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे नीट पाहिलं तर हे सगळं दिसतं. तारखेच्या चौकटीत एका कोपऱ्यात दुधाचा खाडा, दुसऱ्या कोपऱ्यात फर्स्ट, सेकंड, नाइट या पाळ्यांची आद्याक्षरं. नवराबायको दोघंही कंपनीत असतील तर ती दोन रंगांत. आणि कुठेतरी पेन्सिलीने लिहिलेलं ‘युनिट टेस्ट’, जे खोडून पुन्हा दुसऱ्या तारखेला लिहिलेलं असतं.

आता थोडं गणित करू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवी किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे. म्हणजे मूल वर्षातले साधारण १४५ दिवस घरी असतं. बापाला बावन्न गुरुवार, सणांच्या भरपगारी सुट्ट्या आणि वीस दिवस कामाला एक या हिशेबाने मिळणारी पंधराएक दिवसांची रजा. बेरीज पंचाहत्तरच्या आसपास जाते. हे दोन आकडे एकमेकांवर ठेवले की किती दिवस उरतात? दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पडणारे आठ-दहा गुरुवार, मोठे सण, आणि गावाकडची लग्नं, आजारपणं उरकून राहिलेली चार दिवस रजा. फार तर पंचवीस-तीस दिवस. त्यात शिफ्टची भर घाला. दुपारी साडेतीनला सुरू होणारी सेकंड असेल तर बाप दोनलाच बस पकडायला बाहेर पडतो आणि मध्यरात्रीनंतर घरी येतो. त्या आठवड्यात शाळेतून परतलेलं मूल आणि बाप यांची गाठ पडायची ती फक्त सकाळी, एकाची निघायची घाई आणि दुसऱ्याचे डोळे चुरचुरत असताना. तिन्ही पाळ्या फिरत्या असतील तर दर तिसरा आठवडा असा जातो. एवढ्यात ‘रोज अर्धा तास द्या’ हा सल्ला देणाऱ्याने तो अर्धा तास घड्याळात दाखवून द्यावा.

साप्ताहिक सुट्टी म्हणजे निव्वळ विश्रांती, मग वार कोणताही असो, असा युक्तिवाद होतो. या देशात सुट्टीचा लढा ज्यांनी दिला त्यांना हे मान्य नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे, मूळ पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ पासून त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. त्यांच्या मागणीत थकलेल्या शरीराचा विचार होताच, पण रविवार हा खंडोबाचा वार आहे आणि ज्या समाजात आपण राहतो त्याच्या कामासाठीही माणसाला एक दिवस मोकळा हवा, हे त्यात आवर्जून होतं. सगळ्यांना एकाच दिवशी मोकळीक मिळते तेव्हा तो दिवस समाजाचा होतो. ज्याला त्याला वेगळ्या दिवशी मिळाली तर ती झोप काढण्यापुरती उरते. सोव्हिएत रशियाने याची परीक्षा मोठ्या प्रमाणावर पाहिली. १९२९ मध्ये तिथे कारखाने अखंड चालावेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणला, कामगारांचे रंगांनुसार गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळी सुट्टी दिली. यंत्रं थांबेनात. पण नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मुलांची तिसऱ्या, अशी गत झाली आणि कामगारांनी तक्रारी सुरू केल्या. यंत्रांनाही दुरुस्तीला सवड मिळेना. सुट्ट्या वाटण्याची ती पद्धत दोनेक वर्षांतच मागे घ्यावी लागली आणि १९४० मध्ये रविवारसकट सात दिवसांचा आठवडा परत आला. धर्म नको म्हणणाऱ्या राजवटीलाही अखेर रविवारी सुट्टी द्यावी लागली, ही गंमत सोडा. मुद्दा असा की सुट्ट्यांची संख्या वाढवूनही कुटुंबाचा प्रश्न सुटला नव्हता. आपल्याकडचा प्रवास उलट दिशेने आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, सुट्टीचा धरला होता आणि तो बदलायची मुभा ठेवली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली नवी कामगार संहिता आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेऊ नका एवढंच सांगते. कोणता वार, हे आता मालकाचं आणि सवयीचं.

गुरुवारच्या बाजूने एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो कामगारच घेतात. गुरुवारी बँक उघडी, तहसील उघडं, आरटीओ उघडं, वीजबिलाची तक्रार करायला ऑफिस उघडं. आळंदीला दर्शनाला गर्दी कमी. रविवारी सुट्टी असती तर या प्रत्येक कामासाठी रजा टाकावी लागली असती. खरं आहे. पण त्याचा अर्थ काय होतो तेही पाहा. आठवड्यातला एकमेव मोकळा दिवस आधार केंद्राच्या रांगेत, गॅस एजन्सीत आणि दवाखान्यात जातो, आणि तो तसा जातो म्हणून तो सोयीचा वाटतो. सरकारी कामांना कामाच्या दिवशी माणूस लागतो, ही अडचण सरकारी कार्यालयांची आहे. ती कामगाराच्या सुट्टीतून भागवली जाते. संध्याकाळी आठपर्यंत चालणारी सेवा केंद्रं, रविवारी सकाळची एक टोकन खिडकी, एवढं केलं तरी या आक्षेपातली निम्मी हवा जाईल. गुरुवार सरसकट काढून टाका, असं मी म्हणतही नाही. महिन्यातला एक रविवार प्रत्येक कामगाराला आलटून-पालटून मिळावा आणि तो कधी मिळणार हे महिनाभर आधी कळावं, एवढी ही मागणी छोटी आहे.

वाराइतकाच वेळ खातो तो रस्ता. चाकणचा तळेगाव चौक, आंबेठाण चौक, मोशीचा पट्टा, पुणे-नाशिक महामार्गावरची ती न सरकणारी कंटेनरची रांग यांचं वर्णन या वर्तमानपत्राच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. १९९९ मध्ये बजाज चाकणला आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज, २०१० मध्ये महिंद्रा, आणि त्यांच्या मागोमाग शेकडो पुरवठादार. रस्ता जवळपास तोच राहिला. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिक फाटा ते खेड या तीस किलोमीटरच्या उन्नत मार्गाला मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी. मेट्रो २०२२ मध्ये पिंपरीत आली आणि ती निगडीकडे सरकते आहे; चाकणला ती नाही. कंपनीच्या हजेरीत मिनिटामिनिटाचा हिशेब असतो आणि लेट मार्क लगेच लागतो, पण बसमध्ये गेलेला तास कुणाच्याच हिशेबात नसतो. तो पगारातही धरला जात नाही, विश्रांतीतही नाही. आणि तो थेट मुलाच्या वाट्यातून वजा होतो. उन्नत मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर फुकटात करता येण्याजोगी एक गोष्ट आहे: कारखान्यांच्या गेटच्या वेळा. एकाच चौकातून जाणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पहिली पाळी एकाच अर्ध्या तासात सुरू होते आणि एकाच अर्ध्या तासात सुटते. त्या वेळा वीस-वीस मिनिटांनी मागेपुढे केल्या तर कुणाचं उत्पादन बुडत नाही. विजेचा भार सांभाळायला सरकारने औद्योगिक वसाहतींना वार वाटून दिले आणि उद्योगांनी ते निमूटपणे मानले. रस्त्याचा भार सांभाळायला वेळा वाटून देता येत नाहीत, हे पटणं कठीण आहे.

शाळांच्या वेळांचंही तसंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पुरी व्हावी, हा हेतू चांगलाच होता. पण सहा-सातला फर्स्ट शिफ्टला पंच करणाऱ्या आईबापांच्या मुलाला नऊ वाजता शाळेत कोण सोडणार, याचा विचार त्या आदेशात कुठे नव्हता. एका खात्याने मुलाचं घड्याळ पुढे सरकवलं, दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीतलं आईचं घड्याळ जागच्या जागी राहिलं. मधले दोन तास शेजारीण, शेअर रिक्षावाले काका किंवा कुलूप लावून सातवीतल्या ताईच्या हवाली. या पट्ट्यातली बरीच घरं मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली. आजी-आजोबा गावी शेती सांभाळतात. २००१ मध्ये दहा लाखांच्या आसपास असलेली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली, ती अशाच कुटुंबांनी. मोशी-चिखलीतल्या वन बीएचकेत आजी राहायला येते ती बाळंतपणाला, कायमची नाही. त्यामुळे ‘पूर्वी आम्हीही कामं केली आणि पोरंही वाढवली’ हे जुन्या पिढीचं बोलणं इथे लागू पडत नाही. शेतावर कष्ट जास्त होते आणि सुट्टीचा वार नव्हताच, पण पोर बांधावर खेळत असे. चाकणच्या गेटमधून पोर आत नेता येत नाही.

उद्योगांचा आक्षेप ठरलेला असतो: स्पर्धा आहे, यंत्रं थांबवता येत नाहीत, फार अटी घातल्या तर गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल. यंत्रं थांबवा असं इथे कुणीच म्हणत नाही. पाळ्या राहूदेत, नाइटही राहूदे. प्रश्न आधी कळण्याचा आहे. मागणी घटली की ‘ब्लॉक क्लोजर’ची नोटीस लागते, कामगाराला शाळेच्या ऐन दिवसांत सक्तीची सुट्टी मिळते आणि पुढे ऑर्डर आल्या की तेच दिवस रविवारी भरून द्यावे लागतात. उत्पादनाचं नियोजन आठवड्यांच्या हिशेबाने संगणकात असतं. माणसांचं वेळापत्रक मात्र नोटीस बोर्डावर आदल्या दिवशी लागतं. जर्मनीत, म्हणजे चाकणमधल्या दोन नावाजलेल्या कंपन्यांच्या मायदेशात, आयजी मेटाल या युनियनने २०१८ च्या करारात लहान मुलं किंवा आजारी माणसं सांभाळण्यासाठी दोन वर्षांपर्यंत आठवडा अठ्ठावीस तासांवर आणण्याचा हक्क मिळवला. तिथली सुबत्ता वेगळी आहे, हे मान्य. तो आकडा इथे आणा, असंही नाही. पण वेळ हा वेतनकराराचा विषय असू शकतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. आपल्याकडचे करार बातमीत येतात ते किती हजारांची पगारवाढ या मथळ्याने. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस संप झाला, तेव्हा गाजली ती कामगारांना कंपनीचे शेअर मिळावेत ही मागणी. महिन्याआधी शिफ्ट चार्ट द्या, या मागणीचा मथळा कधी होत नाही.

उलट वारं दुसरीकडेच वाहतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. एकशे चव्वेचाळीस तास म्हणजे आठवड्याला अकरा. ओटी कामगारालाच हवा असतो, दुप्पट दराने पैसे मिळतात, संमतीशिवाय तो घेता येत नाही, असं सांगितलं जातं. हप्ते भरायचे असतील तर ओटी हवाच असतो, यात शंका नाही. पण मूळ पगारात घर चालत नाही म्हणून हवासा वाटणारा ओटी आणि आवडीने केलेला ओटी यात फरक आहे. शिवाय ज्याचं नाव पुढच्या महिन्यात ठेकेदाराच्या यादीत राहील की नाही याची खात्री नाही, त्याच्या संमतीला किती वजन द्यायचं? परमनंट कामगार निदान ‘आज जमणार नाही’ म्हणू शकतो. कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराला तेही परवडत नाही, आणि लहान मुलं बहुधा त्याच्याच घरी असतात.

सगळ्यात टोचणारा आक्षेप शेवटी, कारण तो बराचसा खरा आहे. वेळ जुळवून दिला तरी बाप्ये तो घराला देतील कशावरून? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं विनावेतन घरकामात घालवतात, पुरुष ८८. ही तफावत गुरुवारने तयार केलेली नाही, आणि रविवार मिळाल्याने ती मिटणारही नाही. सुट्टीच्या दिवशी सोफ्यावर पडून मोबाइल पाहणाऱ्या बापाचा बचाव मला करायचा नाही. पण ज्या घरात बाप मुलांच्या वेळेला कधी हजरच नसतो, त्या घरात वाटणीचं भांडणसुद्धा नीट होत नाही. ‘तो कंपनीत असतो’ या एका वाक्यावर सगळं आईच्या अंगावर पडतं. तिला स्वतःला नोकरी असेल तर तिचीच आधी सुटते. पाळणाघराचा कायदा त्यासाठीच आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झालं, आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत अनेक आस्थापनांनी मिळून किंवा महापालिकेच्या साहाय्याने एकच सामाईक पाळणाघर चालवण्याची सोय आहे. भोसरी, तळवडे, कुरुळीतल्या वीस-तीस कामगारांच्या शेडना पन्नासची अट लागू होत नाही, म्हणून ही सामाईक सोयच तिथे उपयोगाची. एमआयडीसीने एका सेक्टरमागे एक भूखंड त्यासाठी राखला, ते सकाळी सहाला उघडलं आणि सेकंड शिफ्ट सुटेपर्यंत चालू राहिलं, तर नऊची शाळा आणि सातचा पंच यांच्यामधली दरी बरीच भरून निघेल.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कामगार आयुक्त, एमआयडीसी, महापालिकेचा शिक्षण विभाग, वाहतूक पोलीस आणि उद्योजकांच्या संघटना यांनी एकत्र बसून गेटच्या वेळा, महिन्याआधीचा शिफ्ट चार्ट, आलटून-पालटून रविवार आणि पालक सभांच्या तारखा ठरवायच्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. त्या समित्यांनी पालक सभा महिन्याआड गुरुवारी संध्याकाळी ठेवल्या तरी फर्स्ट आणि सेकंडवाले दोघंही येऊ शकतील. वरची बैठकही गुरुवारीच घ्यावी. म्हणजे कामगारांच्या प्रतिनिधींना तिच्यासाठी रजा टाकावी लागणार नाही.